मामाच्या तळ्यावरचे भांडण

दसरा उलटला आणि दिवाळी तोंडावर आली की आमच्या गोंडपिपरीच्या मुलखात एक भांडण हमखास उभे राहते. वर्तमानपत्रात ते छापून येत नाही, कारण त्यात कोणाचे डोके फुटत नाही. गावच्या तळ्याच्या पाळीवर पंधरा-वीस माणसे जमतात. एका बाजूला शेतकरी. त्यांचा भारी धान नुकताच निसवलेला असतो आणि लोंबीत दाणा भरायला एक शेवटचे पाणी हवे असते. दुसऱ्या बाजूला ढिवर, म्हणजे आमच्याकडचे मासेमार. त्यांनी आषाढ-श्रावणात तळ्यात सोडलेली पिल्ले आता कुठे वीतभर झालेली असतात. आणखी दोन हात पाणी उतरले तर उन्हाळ्यात ती उकडून मरतील हे त्यांना दिसत असते. एक म्हणतो मोरी उघडा, दुसरा म्हणतो मोरी लावा. दोघांचेही म्हणणे खरे, आणि दोघांनाही घरच्या पोरांना दिवाळीचे कपडे घ्यायचे असतात.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. व्याकरण आणि जुने वाङ्मय हा माझा प्रांत. माती, पाणी आणि मासे हा नव्हे. या भांडणात माझे नाक खुपसले गेले ते एका उत्तरपत्रिकेमुळे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ‘माझे गाव’ असा निबंध घातला होता. विषय जुनापुराणा आहे हे मलाही कळते, पण त्या निमित्ताने मुले चार ओळी आपल्या मनच्या लिहितात. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका ढिवराच्या मुलाने लिहिले होते की, ‘आमचा तरा मोठा आहे आणि त्याची पार कमजोर झाली आहे.’ मी सवयीने ‘तरा’ आणि ‘पार’ या दोन्ही शब्दांभोवती तांबडी वर्तुळे काढली आणि समासात ‘तळे’ व ‘पाळ’ लिहून मोकळा झालो. तास संपल्यावर मुलगा टेबलाशी आला आणि नम्रपणे म्हणाला, “सर, पाळ म्हटलं तर आमच्या आबाजीले समजत नाही. अन् पारीची राखन तोच करते.”

मी चपापलो. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो हे मी पुस्तकात वाचले होते, डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य वेचले तेही ठाऊक होते. आणि तरीही माझ्या हातातली तांबडी पेन्सिल थांबली नव्हती. तेव्हा काहीसा ओशाळून, काहीसा कुतूहलाने, पुढच्या रविवारी मी त्याच्या गावाला गेलो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. तसे भांडण आणि तसे तळे असलेली गावे आमच्याकडे एकाला सोडून दुसरे अशी आहेत.

नकाशात पाहाल तर आमचा तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात सापडेल. पूर्वेकडून वैनगंगा येते, पश्चिमेकडून वर्धा. खाली चपराळ्याच्या रानाजवळ दोघी भेटतात आणि पुढे प्राणहिता या एकाच नावाने गोदावरीकडे जातात. दोन्ही बाजूंना एवढ्या मोठ्या नद्या असताना गावोगावी तळी कशाला, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. उत्तर सोपे आहे. नद्या खोल पात्रातून वाहतात आणि धानाची बांधी उंचावर असते. नदी पावसाळ्यात घरात शिरते, पण कार्तिकात शेतात येत नाही. कार्तिकातले पाणी आषाढातच अडवून ठेवावे लागते. हे काम पूर्व विदर्भातल्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी केले. चांद्याच्या गोंड राजांपैकी हीरशहाने असा हुकूम काढला होता, असे सांगतात, की जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळेल. राजाने खजिन्यातून एक कवडी न काढता मुलूख पाणीदार करण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. तळी बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून पाळ कोठे घालावी हे ते सांगत. भंडारा-गोंदियाकडचा नवेगावबांध हा प्रचंड तलाव त्यांच्याच कर्तबगारीचा, आणि मराठी वाचकाला तो मारुती चितमपल्लींच्या ‘नवेगावबांधचे दिवस’मुळे ओळखीचा आहे.

पुढे इंग्रजी अमलात गावाचा सारा वसूल करणारा मालगुजार तळ्याचा धनी झाला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ साली ३१ मार्चपासून तळी सरकारजमा झाली. तेव्हापासून सरकारी दप्तरात त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. हे नाव उच्चारताना कारकुनांचीही दमछाक झाली असावी, कारण लवकरच आद्याक्षरे घेऊन त्यांचा ‘मामा तलाव’ झाला. पूर्व विदर्भात अशी तळी साडेसहा हजारांहून अधिक आहेत. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला मी जेव्हा सांगतो की आम्ही मामाच्या तळ्यावर जाऊन आलो, तेव्हा तो माझ्या आजोळची चौकशी करतो.

मालगुजार काही संत नव्हता. तो बेगारीने लोक राबवी आणि ढिवरांच्या जाळ्यातला मोठा मासा आपल्या वाड्यावर पोचता करून घेई. पण एक खरे की तळे फुटले तर त्याचा वसूल बुडत होता. म्हणून उन्हाळ्यात गाळ निघे, बैलगाड्यांनी तो शेतात पडे, पाळीवर माती चढे. सरकार धनी झाले आणि बेगार गेली, हे उत्तमच झाले; मात्र तिच्याबरोबर उन्हाळ्यातली ती कामेही गेली. पुढे जिल्हा परिषदा आल्या आणि १०० हेक्टरांपर्यंत सिंचन करणारी तळी त्यांच्याकडे आली. पाणी एकाच्या ताब्यात, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, काठावरचे रान वनखात्याचे, आणि आटलेल्या पोटात गाळपेर करून हळूहळू आत सरकणारा शेतकरी आणखी निराळा. आता या सगळ्यांत पाळ कोणाची?

हा प्रश्न मी त्या आबाजींना विचारला. सत्तरीच्या घरातला वाळका माणूस. हातात बांबूची काठी, खांद्यावर जाळे. माझ्या प्रश्नाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. पाळीवरून चालता चालता ते मध्येच थांबत, काठीने माती दाबून पाहत, वाकून बाहेरच्या अंगाला हात लावत. एका ठिकाणी म्हणाले, “मास्तर, इथं हात लावा जी.” मी लावला. माती गार लागली. “आतून पानी येऊन रायलं. अजून दिसत नाही, पन हाताले समजते.”

पाळ एकाएकी फुटत नाही, हे मला त्या दिवशी कळले. पावसाळी वारा तळ्यावरून सुटला की लाटा उठतात आणि आतल्या अंगाची माती चाटून नेतात. म्हणून जुन्या पाळींना आतून दगडांचे अस्तर असे. ते दगड आज कोणाच्या ना कोणाच्या कुडाखाली सापडतात. बाहेरच्या अंगाला पावसाच्या धारा घळी पाडतात, त्याच घळींतून गुरे चढउतार करतात आणि घळीची वाट होते. मोठे झाड पाळीवर उगवले आणि मेले की मुळे कुजून आत नळ्या पडतात. उंदीर आणि खेकडे आपापली बिळे करतात. (२०१९ च्या जुलैत कोकणात तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली तेव्हा एका मंत्रिमहोदयांनी खेकड्यांना जबाबदार धरले, आणि महाराष्ट्रभर हशा झाला. खेकडा बीळ करतो हे खोटे नाही. परंतु बीळ वेळीच बुजवायला माणूस का नव्हता, हे खेकड्याला विचारून काय उपयोग?) या सगळ्यावर बेशरमीचे रान माजले म्हणजे खालची भेग दिसतसुद्धा नाही. बेशरम ही अमेरिकेतून आलेली वनस्पती. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, तोडली तरी ती फुटते, आणि आमच्या लोकांनी तिला दिलेले नाव कोणत्याही शास्त्रीय नावापेक्षा नेमके आहे.

आता गंमत पाहा. ही भेग पहिल्यांदा कोणाला सापडते? अभियंत्याला नव्हे, तो वर्षातून एकदा येणार. शेतकऱ्यालाही नव्हे, त्याचे लक्ष मोरीखालच्या बांधीकडे. ती सापडते रात्री जाळी राखायला पाळीवर फिरणाऱ्या ढिवराला. त्याला कोणी नेमलेले नाही, पगार नाही, पण तळ्यात त्याचा मासा आहे म्हणून तो फिरतो. मासा नसेल तर तो फिरणार नाही, शहरात बांधकामावर जाईल. मोरीवरच्या भांडणात शेतकऱ्याने ही गोष्ट हिशेबात धरायला हवी, असे मला वाटू लागले आहे. दोन हात पाण्यापायी ढिवर तळ्यावरून उठून गेला, तर त्याच्यामागून पाळ जाईल आणि पाळीमागून पाणी.

पण ढिवराच्या बाजूलाही एक गाठ आहे, आणि ती माशांची आहे. जुन्या काळी या तळ्यांत मरळ, मागूर, शिंगी असे देशी मासे असत. झिंगे आणि बारीक मासळी तर विचारू नका. ही सगळी मंडळी तळ्यातच अंडी घालत. मरळ ही मोठी संसारी; गवतात जागा करून अंडी घालते आणि नर-मादी दोघे पिल्लांवर पहारा करतात. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की खालची जोडी धरायची नाही, असा शिरस्ता आबाजींनी मला सांगितला. शिवाय हे मासे हवेतून श्वास घेऊ शकतात. तळे आटून चिखल उरला तरी ते तग धरतात. म्हणजे शेतकऱ्याने मोरी उघडली तरी त्यांचे फारसे बिघडत नसे.

मग कटला, रोहू आणि मृगळ आले. हे मोठे, भराभर वाढणारे, बाजारात वजनाने खपणारे मासे. पण ते नदीचे. साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधरी यांनी या जातींना पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून हौदात अंडी घालायला लावले. तो दिवस आजही देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि तो मान रास्त आहे. त्या शोधाने लाखो घरांत अन्न गेले. त्यानंतर बीज केंद्रात तयार होऊ लागले आणि तळ्यात सोडणे सोपे झाले. सरकारी कागदात या पिल्लांना ‘मत्स्यबोटुकली’ म्हणतात. मराठी कारभाराने घडवलेल्या शब्दांत इतका गोड शब्द मला दुसरा आठवत नाही.

अडचण अशी की बोटुकलीला किलोभराचा मासा व्हायला दहा-बारा महिने लागतात आणि त्याला बारमाही खोल पाणी लागते. माझा आपला तर्क असा की मोरीवरचे भांडण पूर्वीही असेल, पण ते इतके विकोपाला या नव्या माशांनी नेले. दुसरे असे की मत्स्यशेतीच्या पुस्तकांनी देशी माशांना ‘तणमासे’ आणि ‘भक्षक मासे’ ठरवून, बीज सोडण्यापूर्वी मोहाच्या पेंडीने त्यांचा निकाल लावायला सांगितले. संवर्धनाच्या छोट्या तलावात हे समजण्यासारखे आहे. पण त्या नजरेने गावतळ्याकडे पाहिले की मरळीचे गवत म्हणजे केरकचरा वाटू लागतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत यंत्रांनी गाळ निघू लागला. गाळ निघायला हवाच होता. मात्र यंत्र काठापासून खणत सुटले की उथळ कड, जिथे देवधान आणि कमळ उगवते, तीच नाहीशी होते. माशाच्या बाळंतपणाची खोली जाते आणि लाटा थोपवणारा पडदाही जातो. कारण तेच गवत लाटेचा जोर मोडून पाळ सांभाळत होते.

मुंबईच्या वाचकाला हे परके वाटू नये. समुद्रकाठी तिवरांचे रान हेच काम करते. ते भरतीचा मारा झेलून किनारा धरते आणि त्याच्याच मुळांत कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात. महाराष्ट्राने २०१२ साली त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष काढला. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते तीही विणीसाठीच. किनारा आणि मासा हे दोन विषय दोन कचेऱ्यांत वाटले, तरी पाण्यात त्यांची फाळणी होत नाही.

नदीकाठी तर हा धडा आणखी कडू आहे. आमच्या खाली, प्राणहिता गोदावरीला मिळते त्याच्याही पुढे, तेलंगणाने मेडिगड्डाचा बंधारा बांधला. २१ जून २०१९ ला त्याचे उद्घाटन झाले, आणि पुढच्या वर्षांत अलीकडच्या सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी आपली काठाची जमीन पुरात आणि धुपीत जाताना पाहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या बंधाऱ्याचे काही खांबच खचले. तिथे भांडायला मोरीवर समोरासमोर माणसेच नाहीत. दरवाजे एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात. आमचे पाळीवरचे भांडण मला त्या मानाने सुखाचे वाटते.

तोडगा निघू शकतो याची उदाहरणे जवळच आहेत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांच्या संस्थांबरोबर काम करून तळ्यांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासे परत आणले. शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर स्त्रिया त्यात पुढे होत्या. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हायड्रिलाचे जुडगे चिखलात खोचणे हे दिसते तितके सोपे नाही. आणि खुद्द आमच्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली त्या गावाला १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पाचगावच्या ग्रामसभेने बांबू तोडण्याचे नियम स्वतः केले, जंगलाचा एक भाग हात न लावता राखून ठेवला, आणि हातातोंडाशी आलेला तेंदूपत्त्याचा पैसा स्वखुशीने सोडला, कारण पत्त्यासाठी फांद्या तुटतात आणि रानाला आगी लागतात. ज्या २००६ च्या कायद्याने हे घडले, त्यात जंगलाबरोबर पाणवठ्यांतल्या माशांचाही हक्क लिहिलेला आहे. बांबूइतकी त्याची चर्चा झालेली नाही एवढेच.

मी हे सारे त्या गावात बोलून दाखवले तेव्हा एक शेतकरी म्हणाला, “सर, पाचगावात जंगल एकच अन् गाव एकच. आमच्या तऱ्यात चार वाटे आहेत.” त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. मी फक्त सुचवले की मोरीच्या दगडावर एक खूण करावी आणि त्या खाली पाणी काढू नये. त्यावर खूण कोणत्या पायरीवर असावी याचे नवे भांडण सुरू झाले.

ते भांडण गेल्या ऑक्टोबरात पुन्हा जुंपले असताना मी तिथे होतो. सूर्य कलला होता, आवाज चढले होते. आबाजी बोलत नव्हते. ते नेहमीसारखे पाळीवरून पुढे निघून गेले होते. थोड्या वेळाने त्यांची हाक आली. मागे मी हात लावला होता त्याच जागी आता बारीक धार लागली होती, आणि पाणी गढूळ होते. नितळ पाणी झिरपले तर फारशी काळजी नसते, पण गढूळ आले म्हणजे आतली माती निघाली, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होते. भांडण जागच्या जागी टाकून माणसे धावली. ज्याला मी पाच मिनिटांपूर्वी ढिवराच्या अंगावर जाताना पाहिले होते, त्याच शेतकऱ्याने आपल्या बांधीतली चिकणमाती खणायला दिली. बायकांनी टोपल्या भरल्या. ढिवरांची तरुण पोरे आतल्या बाजूने पाण्यात उतरून बुडी मारून छिद्र शोधू लागली. ते सापडल्यावर गवताचे बोळे आणि माती पायांनी ठोकून बसवली. माझा विद्यार्थी त्यांच्यात होता. मी टोपल्या देण्याघेण्याचे काम केले आणि एक चप्पल गमावली.

रात्री नऊच्या सुमारास धार थांबली. मोरीचे काय, हे कोणी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा वर्गात आला तेव्हा त्याच्याकडून कळले की मोरी दोन रात्री उघडली आणि वरून चौथ्या पायरीला पाणी लागताच लावली. टोकाच्या दोन बांध्यांत धान पोचट राहिला आणि त्या शेतकऱ्याने महिनाभर आबाजींशी बोलणे टाकले. मे महिन्यात जाळी ओढली तेव्हा आबाजींनी त्याच्या घरी एक मरळ पोचती केली. ती त्याने ठेवून घेतली, पण बोलला नाही. यंदा पाऊस बरा झाला आहे. चौथ्या पायरीवर कोणीतरी चुन्याची रेघ मारली आहे, आणि ती कोणी मारली हे दोन्ही बाजू सांगत नाहीत.